शिकाऊ इमान

"हे मी घरात कोनालेच नाई शिकवलं. तुलेच पह्यल्यांदा शिकवून राह्यलो."

बाबांचा आवाज मागच्या ओसरीतून आला. मी आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसले होते. ऑफिसची मीटिंग चालू होती, माझा माइक बंद होता, आणि पुण्यातलं कुणीतरी स्क्रीनवर एकामागून एक तक्ते दाखवत होतं. मी एका कानातला हेडफोन काढला.

"यायले बी नाई?" वहिनीनं विचारलं. तिचे 'हे' म्हणजे माझा भाऊ.

"त्याले? त्याले खिळा ठोक म्हनलं त भितच पाडते."

वहिनी हसली. ती हसते तेव्हा शेजारच्या अंगणातली कोंबडीसुद्धा दचकते. मग म्हणाली, "आन् ताईले?"

ताई म्हणजे मी.

"तिले काय शिकवाव," बाबा म्हणाले. "तिले सारंच येते."

त्यानंतर पॉलिश पेपर लाकडावर घासल्याचा आवाज सुरू झाला. बाबा हे वाक्य कौतुकानं बोलले होते. माझ्याबद्दल ते नेहमी कौतुकानंच बोलतात. स्क्रीनवर कुणीतरी माझं मत विचारलं, आणि मी माइक सुरू करून अगदी नीट, मुद्देसूद इंग्रजीत ते सांगितलं. मला सारंच येतं.

ओसरीवर ते दोघं जे घासत होते तो विमानाचा पंख होता. खऱ्या विमानाचा नव्हे, बाबा करत असलेल्या लाकडी प्रतिकृतीचा. बाबा आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायचे. पोरांना चौकटी आणि दारं शिकवून घरी आले की स्वतःसाठी विमानं करायचे. नांदुऱ्यातल्या आमच्या घरात टीव्हीच्या कपाटावर, फ्रीजवर, देव्हाऱ्याच्या शेजारीसुद्धा विमानं आहेत. बहुतेक सगळी लढाऊ आणि नावाजलेली. मात्र हे एक विमान असं होतं की ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही.

मी चौथीत असताना बाबांनी खामगावच्या रद्दीवाल्याकडून विमानांवरचं एक जुनं इंग्रजी मासिक आणलं होतं. त्यात मागच्या बाजूला एका पानावर या विमानाचा धूसर फोटो आणि तीन बाजूंनी काढलेलं रेखाचित्र होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तयार केलेलं, नव्या वैमानिकांना शिकवण्यासाठीचं विमान. युद्धामुळे ॲल्युमिनियमची टंचाई होती, म्हणून ते लाकडाचं आणि प्लायवूडचं केलं होतं. फर्निचरच्या कारखान्यातल्या सुतारांनाही बनवता यावं असा विचार होता. नावात आधी इंग्रजी एक्स, म्हणजे अजून प्रयोगच. ते उडालं, त्याच्या चाचण्या झाल्या, पण पुढे कारखान्यात ते कधीच मोठ्या संख्येनं बनलं नाही. तोवर दुसरी विमानं पुरेशी झाली होती.

हे सगळं मी बाबांना वाचून दाखवलं होतं. मी इंग्लिश मीडियमची. पिवळ्या बसनं रोज शेगावला जाऊन शिकणारी. बाबांना तांत्रिक इंग्रजी कळायचं, पण त्यांना माझ्या तोंडून ऐकायला आवडायचं. ते रंधा मारत बसायचे आणि म्हणायचे, "वाच बरं पुन्हा तो भाग." मी पाटावर बसून वाचायची. मी पटाशीला हात लावला की ते ती हळूच काढून घ्यायचे. "हात खराब होतील. तू वाच." मला ते लाड वाटायचे. वर्गात माझ्या नखांवर कुणी बोट ठेवू शकत नसे.

ते विमान कधी पुरं झालं नाही. आधी माझी दहावी आली, मग आजीचं आजारपण, मग मी पुण्याला गेले. विमानाचं धड एका जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलं होतं. मला ते ठीक वाटत होतं. मी परत आले की आम्ही ते खाली काढू असं मी गृहीत धरलं होतं. असं आम्ही कधी बोललो नव्हतो, पण काही गोष्टी बोलायच्या नसतात असं मी मानत आलेय.

मागच्या वर्षी भावाचं लग्न झालं. यंदा कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली आणि मी नांदुऱ्याला परत आले. रिक्षातून उतरले, बॅग दारात ठेवली, हाक मारली. कुणी ओ दिली नाही. मागे गेले, तर ओसरीवर ती चादर अंथरलेली होती, तिच्यावर विमानाचं धड ठेवलेलं होतं, आणि वहिनी मांडी घालून त्याच्या पोटावरून हात फिरवत होती.

"या ताई! पाहा न, तुमचं इमान काढलं आमी," ती म्हणाली.

ती विमानाला इमान म्हणते. धामणगाव बढ्याची आहे, तिकडे तिच्या घरी सगळे म्हणत असतील. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाबा दुरुस्त करतील. आठवड्याभरात बाबाच इमान म्हणायला लागले.

मी इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घरात सगळे एकमेकांशी वऱ्हाडीत बोलतात. मले, तुले, काऊन, हाव. वहिनी सोडली तर माझ्याशी कुणी तसं बोलत नाही. मी शाळेत गेले त्या वर्षी बाबांनी ठरवून टाकलं की हिच्याशी शुद्ध बोलायचं, म्हणजे हिची भाषा बिघडणार नाही. तेव्हापासून माझ्याशी बोलताना त्यांचा आवाजही थोडा बदलतो, इस्त्री केलेला शर्ट घातल्यासारखा. 'तुला जेवायचं आहे का.' 'तुझा अभ्यास झाला का.' आईला ते नीट जमत नाही, पण तीही प्रयत्न करते. फार रागावली की मात्र तिच्या तोंडून मलाही 'तुले' मिळतं. लहानपणी मी कधी कधी मुद्दाम दूध सांडायची.

पुण्यात माझ्या खोलीतल्या मुली म्हणायच्या, तू तिकडची वाटतच नाहीस. मी थँक्यू म्हणायची.

आता रोज संध्याकाळी मला खोलीत बसून त्या दोघांचं बोलणं ऐकू यायचं. बाबा तिला सांगत होते की शिकाऊ विमानात सगळं दोन-दोन असतं. दोन खुर्च्या, एकापुढे एक. पुढे शिकणारा, मागे शिकवणारा. दोघांसमोर एकेक दांडा, आणि दोन्ही दांडे खालून जोडलेले, म्हणजे एक हलवला की दुसरा आपोआप हलतो.

"म्हंजे मोताळ्याच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवानी," वहिनी म्हणाली. "मास्तरच्या पायाखाली बी ब्रेक असते. मी गाडी शिकली न, तवा मास्तरनं एवढ्या वेळा ब्रेक मारला का गाडी मीच चालवून राह्यली का तो, हेच समजे ना."

बाबा खोकला येईपर्यंत हसले.

ते दोन दांड्यांचं मी बाबांना सांगितलं होतं. सातवीत असताना, शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधून शोधून. तेव्हा ते म्हणाले होते, "छान. चांगलं शोधलंस." हसायला त्यात काही नव्हतं, हे मला मान्य आहे.

वहिनी लाकडाच्या पट्ट्यांना फासळ्या म्हणायची. पंखाच्या आतल्या ज्या आडव्या पट्ट्या असतात त्यांना मी आणि बाबा रिब म्हणत आलो. एकदा तिनं एक फासळी उलटी चिकटवली. बाबांनी ती पाहिली आणि म्हणाले, "हे इमान आता फक्त डावीकडंच जाईन, घानीच्या बैलावानी." परत सोडवली, परत चिकटवली. त्यात त्यांची सगळी संध्याकाळ गेली, आणि दोघंही खूश. मी दोन वेळा पाणी प्यायला गेले, फक्त ते बघायला.

एकदा मात्र मी बोलले. बाबा तिला सांगत होते, "लढाईत लोखंड सारं बंदुकीले लागे, म्हनून हे लाकडाचं केलं."

मी दारातून म्हणाले, "लोखंड नाही, ॲल्युमिनियम."

दोघंही थांबले. बाबांनी मान हलवली. "हो, बरोबर. ॲल्युमिनियम." मग वहिनीकडे वळून, "हिले माहीत असते सारं."

"ताई म्हंजे आपल्या घरचं नेटच हायेत," वहिनी म्हणाली. "रिचार्ज बी नाई लागत."

सगळे हसले, मीही हसले, आणि आत आले. त्यानंतर त्या संध्याकाळी ओसरीवर बोलणं झालं नाही. नुसता घासल्याचा आवाज येत राहिला. मला आधी बरं वाटलं, मग ते किती वाईट आहे ते कळलं, आणि तरीही थोडं बरं वाटतच राहिलं.

वहिनी रोज विमानाचे फोटो स्टेटसला टाकायची. बाबांचे हात, त्यांत धरलेला पंख, खाली लाल बदाम आणि 'माहे सासरे, माहे गुरू'. आपण तिचं स्टेटस पाहिलं हे तिला दिसू नये म्हणून मी फोनची ती सेटिंग बंद करून ठेवली होती. रोज पाहायची. एकदा तिच्या कुण्या मैत्रिणीनं लिहिलेलं तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं, "नशीबवान हाये तू, माहे सासरे त माह्याशी बोलतच नाई." आई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "माह्या सासऱ्याचं तोंड मी नीट पाह्यलं ते त्यायच्या फोटोत. हार घातल्यावर." वहिनीनं तोंडावर पदर धरून हसू दाबलं.

आमच्याकडे सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात. वहिनीही म्हणायची. ते एक अंतर होतं, आणि मी मनातल्या मनात त्याला धरून होते. बाबा हा शब्द भावाचा आणि माझा. एका संध्याकाळी तिच्या बोटात लाकडाची बारीक कूस गेली आणि ती ओरडली, "बाबा, पाहा न!" बाबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, तिचा हात उजेडात धरला, सुईनं कूस काढली. दोघांपैकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्या दिवसापासून ती बाबाच म्हणते.

त्या रात्री मी जेवले नाही. आईनं ताट झाकून ठेवलं, मग खोलीत आली आणि दार लोटून घेतलं.

"तुले जळन होऊन राह्यली," ती म्हणाली.

"कशाची?"

"मले नको शिकवू कशाची ते. मी तुही माय हाये."

"असं काही नाही, आई. मला काम आहे."

"मंग तिथं जाऊन बस ना. ओसरी काय तिनं माहेराहून आनली?"

 आई गेल्यावर माझ्या लक्षात आलं की ती रागावलेली नव्हती, आणि तरी 'तुले' म्हणाली होती.

तिथं जाऊन बसणं मला का जमत नव्हतं, हे मी बरेच दिवस स्वतःला समजावत राहिले. मी तिथं बसले असते तर पाटावर बसले असते. मासिकातलं काही विचारलं तर सांगितलं असतं. माझ्यासाठी त्या ओसरीवर तेवढीच जागा होती, सांगणाऱ्याची. आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. मासिक बाबांना पाठ होतं, आणि वहिनीला मासिक नकोच होतं. तिला कूस लागायची, तिची फासळी उलटी बसायची, आणि प्रत्येक वेळी बाबा तिच्याकडे सरकायचे. मला वाटायचं, तिला येत नाही म्हणून तिला सगळं मिळतं. हा विचार चांगला नाही. पण तो मी रोज केला.

मग वहिनी आठवड्यासाठी धामणगावला गेली. तिच्या भावाला बघायला पाहुणे येणार होते. ती गेली त्या संध्याकाळी मी लॅपटॉप वेळेआधी बंद केला, केस बांधले, जुना कुर्ता घातला आणि ओसरीवर गेले. बाबा विमानावर चादर टाकत होते.

"आज नाही करायचं?" मी विचारलं.

"पंख घासायचा राहिला आहे. तो तिच्या हातचा आहे. ती आली की करेल," बाबा म्हणाले. मग त्यांना माझा कुर्ता दिसला असावा. "तुझी मीटिंग लवकर संपली का आज?"

"हो," मी म्हणाले.

"चांगलं झालं. आराम कर."

ते माझी काळजी घेत होते. मी आराम केला.

गुरुवारी बाबा दर्शनाला शेगावला गेले. आई जेवून आडवी झाली होती. मी मागच्या ओसरीवर गेले. विमानाला हात लावणार नव्हते, ते तर शक्यच नव्हतं. कोपऱ्यातल्या टोपलीत कापलेले तुकडे असतात, त्यातला एक पातळ प्लायचा तुकडा घेतला आणि पॉलिश पेपरची घडी केली, वहिनी करते तशी. मला माहीत होतं की लाकडाच्या रेषेच्या दिशेनं घासायचं. प्लायला तीन पदर असतात आणि वरचा फार पातळ असतो, हेही माहीत होतं. हे सगळं मी वाचलं होतं, आणि मला वाटतं मी ते बाबांनाच कधीतरी वाचून दाखवलं होतं.

माझा हात जड पडत होता. मी हलका केला तर काहीच होईना. थोडा जोर दिला तर एका बाजूला वरचा पदर निघून खालचा आडवा पदर दिसायला लागला, आजारी माणसाच्या कातडीसारखा. मी दुसरी बाजू घेतली. तिथंही तेच झालं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. हातावर, कुर्त्यावर, पापण्यांवर बारीक भुसा बसला होता आणि त्याला गोडसर वास होता. तो वास मला लहानपणापासून माहीत आहे, पण तो बाबांच्या अंगाला यायचा. माझ्या हाताला पहिल्यांदा येत होता. आईनं आतून कूस बदलल्याचा आवाज आला तसा मी तुकडा टोपलीत तळाशी ढकलला आणि हात धुतले.

वहिनी शनिवारी आली. भावाचं लग्न जमलं होतं, त्यामुळे ती हवेत होती. रविवारी सकाळी सगळ्यांना चहा देऊन ती थेट ओसरीवर गेली. मी माझा कप घेऊन दारापर्यंत गेले. दारापर्यंत मी नेहमीच जायची.

पंख धरून ठेवणाऱ्या चिमट्यात सरकवायला लाकडाची एखादी चपटी चीप हवी म्हणून तिनं टोपली उपसली आणि तो तुकडा वर आला.

"हे काय बाप्पा? उंदरानं कुरतडल्यावानी!" तिनं तो उजेडात धरला. "बाबा, हे कोनं घासलं?"

बाबांनी तुकडा हातात घेतला, अंगठा फिरवला. "कोनं म्हंजे? तूच असशीन."

"मी? मी त धामनगावले होती. आन् मी इतकं खराब नाई करत आता, हां!"

"मंग काय भूत आलतं घासाले?"

बाबा हसत होते. वहिनीही हसत होती, आणि हसता हसता तिची नजर दारात आली, माझ्यावर. माझ्या हातात कप होता. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत नाही. मी चेहरा सांभाळते, मला ते चांगलं जमतं. पण तिचं हसू अर्ध्यावर राहिलं.

"अव, हाव की," ती पटकन म्हणाली, "मीच. जायच्या आदल्या दिवशी. इसरलीच मी." आणि तुकडा बाबांच्या हातातून घेऊन टोपलीत टाकायला निघाली.

ती माझ्यासाठी खोटं बोलली होती. अगदी सहज. त्या क्षणी तिचे आभार मानावेत असं मला वाटायला हवं होतं. मला वाटलं ते वेगळंच. आता तिनं हेही घेतलं. या घरात माझ्या हातून बिघडलेली एकमेव गोष्ट होती ती, आणि तीसुद्धा तिच्या नावावर जात होती. बाबा आत्ता तिला म्हणतील, जोर नाई द्याचा, अशी धर घडी, आणि तिचा हात हातात घेऊन दाखवतील. माझ्या तुकड्यावरून.

बाबांनी तसंच सुरू केलं. "आन तो इकडं. तुले किती डाव सांगतलं, वरचा पदर पापडावानी असते..." मग त्यांना मी दारात दिसले आणि त्यांचा आवाज बदलला, शर्टाला इस्त्री झाली. "ये ना. बघ, हिनं काय करून ठेवलं. का होतं असं, तुला माहीतच असेल."

मला माहीत होतं. वाक्य तयार होतं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, बरोबर.

मी कप उंबऱ्यावर ठेवला. ओसरीत गेले. पाट रिकामा होता, त्यावर न बसता खाली भुशात बसले, वहिनीच्या शेजारी, आणि तिच्यापुढे हात केला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तो तुकडा माझ्या हातात दिला.

"मी घासला हा," मी म्हणाले. माझा आवाज मला फार मोठा वाटला. "मला येत नाही, बाबा. शिकवा मला."